एक नट जास्त

सोसायटीच्या सभेत विषय क्रमांक सात:
जांभळाखालचं भंगार हटवणे.
सगळ्यांचे हात वर गेले.
माझाही गेला, पण नको म्हणायला.
सेक्रेटरी चष्म्यावरून बघत राहिले.
"सिस्टर, तुम्हाला गाडी चालवता येते?"
"नाही," म्हटलं, "हृदय तरी कुठं उघडता येत होतं?
एकतीस वर्षं ओटीत उभी होतेच की."

अशी ती डुक्कर फियाट माझ्या नावावर झाली.
त्रिलोकेकरांनी पुण्याहून सही केलेले कागद पाठवले,
सोबत चिठ्ठी: पैसे नकोत.
दुसरा गिअर लबाड आहे,
त्याला जरा थांबून विचारावं लागतं.

सतरा वर्षं तिने जांभळं झेललेली.
टप डागाळलेला, बॉनेटखाली
मांजरीच्या बाळंतपणाच्या चिंध्या,
तळाच्या पत्र्याला परातीएवढं भोक,
सीटवर बसलं की पायाखाली माहीमची माती.
फक्त पुढची दारं शाबूत. उलटी उघडणारी,
या, बसा म्हणणाऱ्या हातासारखी.

कॅजिटनने हात कापायला लागले म्हणून गॅरेज विकलं होतं.
तो स्टुलावर बसून सांगायचा, मी करायची.
जन्मभर मी हत्यारं दुसऱ्याच्या हातात दिली,
न बघता, आवाज व्हायच्या आत.
आता मागायची पाळी माझी.
"बारा-तेरा," मी म्हणायची,
आणि गाडीखालून बाहेर काढलेल्या तळव्यावर
पाना येऊन बसायचा, थरथरत,
पण बरोबर बाजूने.

घरात कुठे काय होतं ते सांगायला नको.
कार्बोरेटर इडलीच्या पातेल्यात, रॉकेलमध्ये बुडून.
व्हॉल्व्ह अंड्यांच्या ट्रेमध्ये, नंबर घालून.
डेल्कोचं झाकण चमच्यांच्या खणात;
भाची आली, तिने ते लिंबू पिळायचं समजून धुतलं.

कुर्ल्याला दोन शनिवार गेले एका मागच्या दिव्यासाठी.
मुस्तकीमने ढिगाऱ्यात कोपरापर्यंत हात घातला,
लाल काच काढली, शर्टाला पुसली,
आणि भाव सांगायच्या आधी म्हणाला,
"हिची जोडी नाही. एकटीच घ्या."
घेतली. एकटीचं काय ते मला सांगू नकोस,
असं मनात म्हटलं.

रंग कुठला? कॅजिटनने विचारलं.
हिरवा, ओटीतल्या चादरींचा.
त्याने छातीवर क्रूस केला
आणि तोच डबा आणला.

मार्चमधला एक रविवार.
चोक ओढला. किल्ली.
आधी नुसता खोकला,
मग एक लांब, ओला, न संपणारा खोकला,
आणि मग, अगदी सहज, ती चालू राहिली.
गॅलऱ्यांतून टाळ्या. धुरात सेक्रेटरी
रुमाल नाकाला लावून हसत होते, खरंच हसत होते.

मी वही काढली.
काढलेले डावीकडे, लावलेले उजवीकडे.
आणि स्टीलच्या किडनी ट्रेमध्ये
एक नट.

"एखादा उरतोच, सिस्टर," कॅजिटन म्हणाला,
"गाडी पळते."

एकदा रात्रभर थांबलो होतो आम्ही.
काउंटमध्ये एक स्वॅब कमी.
सर्जन मोठा, त्याला विमान गाठायचं होतं,
पेशंटचं पोट उघडं, आणि मी म्हटलं, नाही.
पहाटे तीनला तो भूलवाल्या डॉक्टरांच्या
चपलेच्या तळाला चिकटलेला सापडला.
कोणी काही बोललं नाही.
सर्जनने फक्त धागा मागितला.

मी किल्ली फिरवली.
टाळ्या थांबल्या. एक पोर म्हणालं, मेली.

बॉनेट अजून तापलेलं होतं, पदराने धरून उचललं.
हा नट कदाचित हिचा नसेलही.
त्रिलोकेकरांच्या आधीच्या कुणाचा, कुर्ल्याचा,
मांजरीने कुठून आणलेला.
पण ते मोजून झाल्यावर.

मागे न बघता हात पुढे केला.
"बारा-तेरा."

जरा वेळ काहीच नाही.
मग तळव्यावर, थरथरत, बरोबर बाजूने.